बाबांच्या कानाचा साचा

तिचे बाबा उभा जन्म यंत्रमागावर राबले आणि निवृत्त झाले तेव्हा त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. त्या गल्लीतल्या बहुतेक कामगारांची हीच गत होती. मागांच्या खटखटीनं कान कधी गेले, ते कुणाच्या लक्षातही येत नसे. लोक नुसती मान डोलवत हो-हो म्हणायचे आणि भलत्याच गोष्टीला हो म्हणून बसायचे.

ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली, एका मोठ्या कंपनीत काही वर्षं रमली, आणि मग ते सोडून घरी परत आली. बंद पडलेल्या सुताच्या गोदामात तिनं कार्यशाळा थाटली. बाजारातली कानाची यंत्रं कामगारांच्या उपयोगाची नव्हती. सेल वारंवार टाकून द्यावे लागत, यंत्र बिघडलं की दुरुस्तीला दूर पाठवावं लागे. तिचं यंत्र छपरावरच्या सौर पॅनलवर चार्ज होई आणि त्यातला कुठलाही भाग साध्या पेचकसानं बदलता येई. गल्ली तिला कौतुकानं 'कानवाली' म्हणू लागली.

पहिलं यंत्र मागाच्या फिटरकाकांना बसवलं. ते उठून चार पावलं चालले आणि जागीच थबकले.

"माझ्या चपला एवढ्या वाजतात? आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही!"

कार्यशाळेत हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

बाबांचा नंबर मात्र मागेच राहत गेला. ते स्वतःच म्हणायचे, "आधी बाकीच्यांना दे पोरी. हिनं बापाचंच आधी पाहिलं, असं कुणी म्हणायला नको." खरं सांगायचं तर तिलाही ते आवडायचं. आपण कुणाला झुकतं माप देत नाही, हे लोकांना दिसावं असं तिला वाटे.

आईला हा न्याय मान्य नव्हता. "तुमचा मोठेपणा तुम्हाला लखलाभ," ती म्हणायची. "घसा माझा फुटतोय. यांना चहा हवा का विचारायचं म्हणजे सभेत भाषण ठोकायचं! ते ऐकून सगळी गल्ली 'हो, हवा' म्हणते, एक हे सोडून."

शेवटी यंत्र नेमकं बसावं म्हणून बाबांच्या कानाचा साचा घेतला गेला. यंत्रही तयार झालं. आणि तेवढ्यात आधी दिलेली काही यंत्रं बंद पडून परत आली. घाम आत झिरपून जोड गंजत होते. कानवालीनं वाटप थांबवलं आणि नवं आवरण करायला घेतलं. बाबांचा साचा यंत्रासकट खणात पडून राहिला.

एकदा आई दुपारचा डबा घेऊन कार्यशाळेत आली. खण उघडा होता.

"यांचंच ना हे? दे की मग."

"आई, घामानं बिघडेल ते. मग काढून घ्यावं लागलं तर बाबांना जास्त वाईट वाटेल."

"बिघडेपर्यंत तर ऐकतील?"

"थोडं थांब ना. चांगलंच देते."

आईनं डबा टेबलावर ठेवला. "थांबते बाई. मला काय, ओरडायची सवयच आहे," म्हणाली आणि गेली.

नवं आवरण काही मनासारखं जमत नव्हतं. एकदा फट राहायची, एकदा आवाज दबायचा. त्याच दिवसांत एका सकाळी आई मोरीपाशी कोसळली. तिच्या हातातलं पातेलं आपटलं, ती बाबांना हाका मारत राहिली असणार. बाबा पलीकडच्याच खोलीत दाराकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होते. शेजारीण चाळणी परत द्यायला आली, तेव्हा तिला आई दिसली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "पडून किती वेळ झाला?"

कुणालाच सांगता येईना. बाबांना तर प्रश्नही ऐकू आला नव्हता. ते लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिले. लवकर आणलं असतं तर फरक पडला असता का, असं तिनं डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं. "कदाचित पडला असता," ते म्हणाले, "नक्की नाही सांगता येत." त्या 'कदाचित'नं तिची पाठ पुढं कधीच सोडली नाही.

आई वाचली. पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

त्याच संध्याकाळी कानवालीनं खणातलं यंत्र, तेच जुन्या आवरणाचं, बाबांच्या कानात बसवलं. ते दचकले. पंख्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. मग खाटेशी जाऊन वाकले.

"अगं, बोल. आता येतं मला ऐकू. हळू बोललीस तरी चालेल."

आईच्या ओठांतून नुसतं "अं... अं..." आलं. तिनं पुन्हा जोर लावला, तोंड वाकडं झालं, आणि तिनं भिंतीकडे मान वळवली.

घरी आल्यावर बाबा एकदा लेकीला म्हणाले, "ही दिवसभर काहीबाही पुटपुटायची. मी बघायचो, ओठ हलायचे. काय म्हणायची गं?"

तिनं आठवून आठवून सांगितलं. आई खिडकीतल्या चिमण्यांना आळशी म्हणायची, गॅसला शिव्या घालायची, बाबांना आवडता सदरा बोहारणीला देऊन टाकीन म्हणून धमकावायची.

"सदरा? आणि मी काय म्हणायचो?"

"तुम्ही हो म्हणायचात."

बाबा हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

पुढं एकदा ती घरी आली, तर बाबांनी यंत्र काढून खिडकीत ठेवलेलं. ती चिडली, त्यांना घालायला लावलं. "आई पुन्हा पडली म्हणजे?"

"तसं नाही गं," ते म्हणाले. "हे कानात असलं की मी तिच्या तोंडाकडे बघत बसतो. बोलेल म्हणून. तिला कळतं ते, मग ती तोंड फिरवते."

'आई, चुकलं माझं' असं कानवाली आईला पूर्वीच म्हणाली होती. आईनं डाव्या हातानं तिच्या गालावर थोपटलं होतं, पण तेवढ्यानं मनाचं ओझं उतरलं नव्हतं. पुढं नवं आवरण जमलं, घाम आत जाईनासा झाला, बाहेरगावचे कामगारही येऊ लागले. लोक तिचं नाव घेत. ती मात्र आता कुठलंही तयार यंत्र खणात राहू देत नसे. जसं असेल तसं देऊन टाकायची. "बिघडलं तर घेऊन या," म्हणायची.

बाबा यंत्र घालू लागले, पण आईकडे पाठ करून खिडकीशी बसत. तिला पाणी हवं असलं की ती डाव्या मुठीनं खाटेच्या दांडीवर ठोके देई, सगळं अंग हलेल इतक्या जोरानं.

"अगं, हळू," बाबा लगेच उठत म्हणायचे. "ऐकू येतंय मला."

ती मान हलवायची. पुढच्या वेळी मूठ पुन्हा तेवढ्याच जोरानं पडायची.