वाकडा सुळा

खोलीत पाऊल टाकल्याबरोबर सरकारने पहिली चादर परत पाठवली. मग दुसरी. तिसऱ्या चादरीला हॉटेलच्या बाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की या बाईला तुम्ही आणलंत तरी कशाला. मी खांदे उडवले. हा प्रश्न मी स्वतःला तीस वर्षं विचारते आहे.

सरकार हे तिचं नाव नव्हे, पण तिला दुसरी हाक शोभतही नाही. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागाची ती प्रमुख होती. चादरीवरची सुरकुती तिला दारातून दिसते. निवृत्त झाली तरी हुकूम सोडल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. खिडकीजवळची जागा तिची. चहा ओठ भाजेल असा हवा. फोटो दहा वेळा काढायला लावायचा आणि मग म्हणायचं, "पहिलाच बरा होता." मला ती कारागीर म्हणते, कारण मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात. पुढचं मेण, प्लास्टर, दात लावणं, घासणं, चकाकी आणणं, सगळं माझ्या लॅबमध्ये.

दरवर्षी समुद्रावर आम्ही तिघी यायचो. तिसरी ताई, सरकारची मोठी बहीण. दोघी एकाच घरात राहायच्या. ताई पोस्टात होती, अंगाने एवढीशी, आणि हसायच्या आधी तिचे दात एकदा टक् असे वाजायचे. ते टक् ऐकू आलं की आम्ही समजायचो, आता ताई हसणार. गाडीत ती मधल्या सीटवर बसायची, खोलीत मधल्या खाटेवर झोपायची, आणि सरकारचे निम्मे हुकूम वरच्या वर झेलायची. उरलेले निम्मे माझ्या वाट्याला यायचे, तेवढे सोसवत होते.

ताई गेल्याला अकरा महिने झाले होते. तरी सरकारने खोली तीन खाटांचीच घेतली होती.

"मधली खाट रिकामी कशाला?" मी विचारलं.

"असू दे. तुला काय टोचतेय?" ती म्हणाली आणि चौथी चादर स्वतःच्या हाताने त्या खाटेवर घातली. चारही कोपरे असे ताणून बसवले, की नाणं टाकलं असतं तर उडालं असतं.

मला टोचत होतं ते माझ्या बॅगेच्या तळाशी होतं. मोज्यात गुंडाळलेली निळी प्लास्टिकची डबी, डबीत ओला कापूस, आणि कापसात ताईची कवळी. अकरा महिने मी दर रविवारी डबीतलं पाणी बदलत होते. या सुट्टीत सरकारला सगळं सांगायचं आणि डबी तिच्या हातात ठेवायची, असं मी ठरवलं होतं. म्हणूनच आले होते, नाहीतर मधे ताई नसताना सरकारबरोबर चार दिवस काढायची माझी छाती नव्हती.

सांगायचं होतं ते असं. मरायच्या आधी ताई वाळली, कवळी ढिली पडली. सोमवारी तिने ती आतून भरून घ्यायला माझ्याकडे दिली. तोंडावर रुमाल धरून म्हणाली, "बुधवारी देशील ना गं? तोवर मी कुणापुढे जायची नाही." सख्ख्या बहिणीलाही तिने बिनदातांचं तोंड कधी दाखवलं नव्हतं. कवळी मंगळवारीच तयार झाली. पण सोमवार संध्याकाळपासून सरकारचे फोन सुरू. झाली का, कधी देतेस, तुला सांगितलं होतं ना. माझं डोकं फिरलं. म्हटलं, एकदा तरी या बाईला वाट बघू दे. शुक्रवारी देऊ. गुरुवारी तिचे नऊ फोन आले. नऊ वेळा मी तिचं नाव पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.

ते फोन दवाखान्यातून होते.

शुक्रवारी सकाळी तिचा निरोप वाचून मी डबी पर्समध्ये घेऊन धावत पोचले, तेव्हा सगळं संपलं होतं. ताईचे गाल आत गेले होते, ओठ मुडपले होते. सरकारने मला पाहिलं आणि विचारलं, "दात कुठंयत?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रात्री उशिरा तुझा निरोप पाहिला, तेव्हाच दिले की मी खाली काउंटरवर, वर सोडेनात. तुला मिळाले नाहीत?" एवढं बोलल्यावर पर्सला हात लावायची सोय उरली नाही. सरकारने स्वतःचा स्कार्फ काढून ताईच्या तोंडावरून बांधला, आणि ताई तशीच गेली. मग सरकार दवाखान्याच्या मागे लागली. त्या रात्री काउंटरवर असलेल्या नर्सला तिने तीनदा सगळ्यांसमोर चोर म्हटलं. पोरगी रडत रडत शपथा घेत होती. मी तिथेच उभी होते.

समुद्रावर पोचल्याच्या पहिल्या दिवशी मी सांगणार होते. पण आधी चादरी झाल्या, मग उशी, मग माझ्या बाथरूममध्ये जाण्यावर तिची कुरकुर. मी आंघोळीला गेले तर बाहेरून हाक आली, "कारागीर, सुई-दोरा कुठंय? माझं बटण तुटलंय." मी म्हटलं, थांब, येते. पण थांबणं तिच्या रक्तातच नाही. माझी बॅग म्हणजे तिचीच बॅग. मी बाहेर आले तेव्हा ती खिडकीशी बसून बटण लावत होती, मान खाली घालून. संध्याकाळी तिने चहा दोनदा परत पाठवला. मी म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा सरकार फिरायला गेली होती. पहाटे वाळूवर चालायची तिची जुनी सवय. मधल्या खाटेशेजारच्या स्टुलावर एक बशी होती आणि बशीत हॉटेलने ठेवलेल्या फळांच्या टोपलीतली एक नासपती. तिला एक चावा घेतलेला.

दुसऱ्या कुणी बशी उचलून ठेवली असती. मी मात्र चाव्यांवरच जगले आहे. सरकारचे दात अजून स्वतःचे, पुढच्या दोघांमध्ये फट. या चाव्यात फट नव्हती. सहा दातांची सरळ रांग, आणि डावीकडे सुळ्याची खूण थोडी बाहेर, थोडी वळलेली. तो सुळा मी वळवला होता. कवळी बनवताना सगळ्यांना दात मोत्यासारखे हवे असतात, ताई एकटी म्हणाली होती, "माझा वाकडा होता, वाकडाच लाव. नाहीतर आरशात दुसरीच बाई दिसेल." अर्ध्या दिवसाची खटपट होती ती. तो सुळा जगात एकाच तोंडात होता.

मी भुताखेतांना मानणारी नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या बत्तिशा हातात धरून बसणाऱ्या बाईला ते परवडत नाही. तरी मी बॅगेकडे धावले. बॅग उघडून पाहिलं: मोजा जागेवर, डबी जागेवर, कवळी कापसात. मी डबी घट्ट बंद केली आणि नासपती कचऱ्याच्या डब्यात टाकून वर वर्तमानपत्र दाबलं.

सरकार परत आली. टोपलीकडे बघून म्हणाली, "एक कमी दिसतेय."

"मी खाल्ली," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. एवढंच. एरवी तिने विचारलं असतं, मला न विचारता का खाल्लीस.

त्या दुपारी जेवताना ती अचानक ताईबद्दल बोलायला लागली. दवाखान्यातल्या त्या रात्रीबद्दल आजवर ती माझ्याशी बोलली नव्हती.

"एक हात सारखा तोंडावर होता तिचा," सरकार म्हणाली. "डॉक्टर आले की दुसऱ्या हाताने फोनकडे बोट दाखवायची. तुला लाव म्हणायची. पाणीसुद्धा मागितलं नाही गं तिने. मी नऊ वेळा लावला."

"लॅबमध्ये होते मी. मशीनच्या आवाजात..."

"हो. म्हणाली होतीस तू."

ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा सांगायला हवं होतं. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मागे, अगदी खांद्याशी, टक् असा आवाज झाला. मी वळले. शेजारच्या टेबलावर कुणीतरी चमचा ठेवला होता. असेल चमचाच. पण त्यानंतर दिवसभर मी ताईचं हसू ऐकू यायची वाट पाहत होते, आणि ते येत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी दुसरी नासपती. तसाच चावा, तोच सुळा. मधल्या खाटेच्या चादरीवर, कोपरे कडक बसवलेल्या त्या चादरीवर, मधोमध एक खळगा होता, एवढ्याशा माणसाने बसावं तेवढा. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मोठ्याने म्हटलं, "ताई, मी सांगते. आजच सांगते गं." रिकाम्या खोलीशी बोलताना स्वतःचा आवाज मला ओळखू येईना.

तरी तीही नासपती कचऱ्यात गेली, आणि त्या दिवशीही नाही सांगितलं. दिवसभर सरकार फोटो काढायला लावत होती, मी काढत होते. प्रत्येक फोटोत ती डावीकडे सरकून उभी, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

चौथ्या सकाळी, निघायच्या दिवशी, तिसरी नासपती होती. या वेळी मी ती उचलून खिडकीच्या उजेडात नेली. भीतीचा कंटाळा आला होता म्हणा, किंवा हाताला कामाची सवय म्हणा. नीट पाहिलं. माणूस फळ चावतो तेव्हा नुसता चावत नाही, ओढतो. दातांच्या खुणा लांबतात, गर फाटतो, खालच्या दातांची रेघ वरच्यांकडे सरकते. इथे काहीच ओढलेलं नव्हतं. वरचे दात सरळ आत, खालचे दात सरळ आत. तोंडाने घेतलेला चावा नव्हताच तो. हातांनी दाबलेला होता.

मी डबी काढली. कवळी उजेडात धरली. वाकड्या सुळ्याच्या आणि शेजारच्या दाताच्या फटीत गराचा एक बारीक धागा अडकला होता.

सरकार फिरून आली तेव्हा मी टेबलाशी बसले होते, समोर उघडी डबी. तिने चपला काढल्या, पायांची वाळू झटकली, समोरची खुर्ची ओढून बसली. डबीकडे बघून तिला जराही नवल वाटलं नाही.

मी सगळं सांगितलं. मंगळवारी तयार झाली होती, तुझा राग आला होता, फोन पाहिले आणि उचलले नाहीत, काउंटरवर काही दिलं नव्हतं. एक शब्द गाळला नाही. सांगताना रडले नाही. रडायचा हक्क माझा नव्हता.

"आणि ती नर्स?" सरकारने विचारलं.

"तिने काही केलं नव्हतं."

"तीनदा चोर म्हटलं मी तिला. तू माझ्या शेजारी उभी होतीस."

"हो."

 सुरकुती सपाट करावी तसा टेबलक्लॉथवरून हात फिरवत ती म्हणाली, "सुई-दोरा शोधताना मिळाली डबी. पहिल्याच दिवशी. वाटलं, देण्यासाठीच आणली असेल, संध्याकाळी देईल. नाही दिलीस. मग म्हटलं, तिच्या खाटेवर बसून तिच्या दातांची खूण उठवावी आणि समोर ठेवावी. तुझ्याच हातचा सुळा, तुला कळल्यावाचून राहणार नाही. कळल्यावर बोलशील. तू ती फळं कचऱ्यात टाकलीस."

"तू विचारायचंस ना गं मला! सगळं तर विचारतेस. सगळं मागून घेतेस."

"म्हणूनच," ती म्हणाली. "जन्मभर सगळं मागून घेतलं मी. उशी मागितली, चहा मागितला, त्या दिवशी नऊ वेळा तुला मागितलं. हे एवढं एक मला न मागता हवं होतं."

तिने डबीचं झाकण लावलं, डबी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आणि सामान बांधायला उठली. मी वाट पाहत होते, आता तोंड सोडेल, ताडताड बोलेल, निदान बशी तरी आपटेल. तिने मधल्या खाटेची चादर काढली, घडी घातली आणि पायथ्याशी ठेवली. तेवढ्यात हॉटेलच्या बाईने चहा आणला. कोमट होता, वर साय धरलेली. मी परत द्यायला हात पुढे केला, तर सरकारने कप उचलला आणि पिऊन टाकला. बसमध्ये मी खिडकीजवळची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती. "तू बस," ती म्हणाली, "मला कुठेही चालतं."

परत आल्यावर पहिलं काम तिने ते केलं. त्या नर्सला शोधून काढलं आणि तिची माफी मागून आली. मला बरोबर चल म्हणाली नाही. मी नंतर एकटी गेले. नर्सने दार अर्धंच उघडलं.

आमची मैत्री तुटली असं कुणी म्हणणार नाही. ती येते, बसते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. उठताना खुर्ची जागेवर लावते. त्या सुट्टीनंतर तिने माझ्याकडे काही मागितलेलं नाही, पाण्याचा ग्लाससुद्धा नाही. यंदाच्या सुट्टीचा विषय मीच काढला, तर म्हणाली, "तू ठरव, मला काहीही चालेल." ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तीन नासपतींनी आला नव्हता तसा.

आता ती आली की मी चहा मुद्दाम थंड करून देते. कप पुढे करते आणि तिच्या तोंडाकडे बघत राहते.

"चांगला झालाय," ती म्हणते, आणि संपवते.