सुनेची गोळी

श्रीशैलच्या वागण्याला म्हणावं तरी काय? पोरगा शिकलेला, सास्तूरच्या शाळेत मास्तर. पण बायकोची गोळी आणायला चोरासारखा थेट सोलापूर गाठायचा!

त्याची बायको महेश्वरी. तिला फिट यायच्या. डॉक्टरांनी गोळी सुरू करायला सांगितली तेव्हाच त्यानं दोन महिने घोळ घातला. एकदा लागली की सुटत न्हाय, मेंदू बधिर होतो, असं कुठनं कुठनं ऐकून यायचा. खरी भीती वेगळीच होती. जवळच्या लोहाऱ्यात औषधाचं दुकान भावकीतल्या उमाशंकरचं. त्यानं चिठ्ठी वाचली की सोयऱ्यांत बोभाटा. मग धाकट्या बहिणीला, शिवलीलाला, स्थळ कुठनं यायचं?

शिवम्माला, त्याच्या आईला, तेव्हा हे पटलं होतं. घराची इज्जत झाकण्यातच तिचा जन्म गेला होता.

शाळेच्या परीक्षा आल्या, सोलापूरची फेरी चुकली अन् गोळ्या संपल्या. "रविवारी आणतो, चार दिसांत काय होतंय?" मास्तर म्हणाला.

चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता महेश्वरी चुलीवरच कोसळली. श्रीशैल धावला. पण आधी त्यानं रस्त्याकडचं दार लावलं आणि मग बायकोला ओढलं! शिवम्मानं हे डोळ्यांनी पाहिलं. महेश्वरीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. शुद्धीवर येताच सुनेनं सासूला विचारलं, "अव्वा, कुणी बघितलं तर न्हाय ना?"

त्या प्रश्नानं म्हातारीचं काळीज फाटलं.

"गोळी मधेच बंद पडली म्हणून हे झालं," दवाखान्यात पट्टी बांधताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही."

शिवम्मा तिथनंच जीपनं लोहाऱ्याला गेली. दुकानात गर्दी होती. तिनं चिठ्ठी पुढं केली.

"उमाशंकर, आमच्या सुनेला फिट येतात. ही गोळी दे."

सगळे वळून बघायला लागले. उमाशंकर बाहेर येऊन कानाशी लागला, "काकू, हळू बोला. आमच्या पोरीला, निकिताला बी हीच चालू हाय. कुणाला ठावं न्हाय."

"व्हय रे? दुसऱ्याला विकतोस अन् घरात लपवतोस? पोरगी जळायची वाट बघू नको!"

बातमी तिच्याआधीच घरी पोचली होती; महेश्वरीला घेऊन आलेला श्रीशैल तणतणतच होता. "अव्वा, गावभर दवंडी दिलीस! आता शिवलीलाचं कसं व्हायचं?"

शिवम्मानं त्याला धरून महेश्वरीपुढं उभं केलं. पट्टीतनं पाणी झिरपत होतं. ती डाव्या हातानं पदर सावरून तोंड लपवत होती. श्रीशैलनं त्या हाताकडं बघितलं. मग त्यानं आईचे पाय धरले. "अव्वा, चुकलं माझं."

"माझ्यापुढं नाक घासू नको, तिला म्हण. जखम भरंल, पण डाग ऱ्हाईल. त्यो अर्धा तुझा अन् अर्धा माझा हाय, म्या बी गप बसले व्हते. रोग झाकल्यानं इज्जत ऱ्हात न्हाय, घरातलं माणूस जातंय. शिवलीलाला ज्यांना न्यायचंय ते हे ऐकून नेतील, न्हायतर तसलं घर आपल्यालाच नको. अन् मास्तर, ह्याफुडं गोळी तूच आणायची. लोहाऱ्यातनं, भर दुपारी, नाव घेऊन!"