समितीतल्या सामान्य नागरिक

इंदूबाई तायडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, त्याला चार वर्षं झाली होती. एका सकाळी अकोल्यातल्या जठारपेठेत त्यांच्या घरी डॉ. किशोर पुष्पगुच्छ घेऊन आले. डॉक्टरांचं शहरात मधुमेहाचं मोठं केंद्र होतं आणि आता तिथे संशोधन सुरू व्हायचं होतं. मुंबईच्या एका कंपनीने टाइप वन मधुमेहाच्या मुलांसाठी आठवड्यातून एकदाच टोचायचं इन्सुलिन आणलं होतं. त्याची चाचणी सव्वीस आठवडे चालणार होती.

"चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "आणि समितीत डॉक्टर-वकिलांशिवाय एक सामान्य नागरिक लागतो. कायदाच आहे तसा."

"पण मला औषधातलं काहीच समजत नाही."

"म्हणूनच तर!" डॉक्टर एकदम खूश झाले.

ते गेल्यावर इंदूबाईंचे यजमान देवमनराव म्हणाले, "अवं, त्याले सही पायजे, तू नाई पायजे." देवमनराव एस.टी.त कंडक्टर होते. माणूस तिकीट काढणार की नाही, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. इंदूबाईंनी लक्ष दिलं नाही. त्यांना बरं वाटलं होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना मॅडम म्हणालं होतं.

पहिली बैठक रविवारी झाली. समिती स्वतंत्र असावी असा नियम होता, म्हणून डॉ. किशोर समितीत नव्हते. अध्यक्ष त्यांचे गुरू होते, वकील त्यांचे व्याही होते आणि स्वतः डॉक्टर नियमाप्रमाणे खोलीबाहेर बसले होते. दार उघडं होतं. प्रत्येकाला एक बॅग मिळाली, तिच्यात एक पेन आणि चोवीस पानी संमतिपत्र होतं. मधुमेहाच्या केंद्रात जेवायला बासुंदी होती. मंजुरी जेवणाआधी उरकावी, असं सर्वांचं मत होतं.

"सगळ्यांनी वाचलंय ना?" अध्यक्षांनी विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

"मी वाचलं नाही," इंदूबाई म्हणाल्या. "आत्ताच तर दिलं." आणि त्यांनी चष्मा लावला.

चोवीस पानं वाचायला पाऊण तास लागला. बाहेर बासुंदीवर साय धरत होती. वकिलांनी दोनदा घड्याळ बघितलं. इंदूबाईंनी शाळेच्या सवयीने लाल पेन काढलं आणि खुणा करायला सुरुवात केली. यादृच्छिकीकरण. अल्परक्तशर्करा. गंभीर प्रतिकूल घटना.

"हे कोणासाठी लिहिलंय?"

"रुग्णांसाठी," अध्यक्ष म्हणाले. "पुण्याहून भाषांतर करून घेतलंय. शुद्ध मराठी आहे."

"शुद्ध आहे. मराठी कुठे आहे ते शोधतेय."

मग त्या एकोणिसाव्या पानावर थांबल्या. तिथे लिहिलं होतं, की शुगर एकदम उतरल्यास रुग्णाने चोवीस तास उपलब्ध असलेल्या खालील क्रमांकावर संपर्क साधावा. इंदूबाईंनी पर्समधून फोन काढला आणि तो क्रमांक लावला. कोणी काही म्हणायच्या आत स्पीकरही सुरू केला. बराच वेळ रिंग वाजली. मग एक माणूस जांभई देत म्हणाला, "कौन? ऑफिस बंद है. आज इतवार है ना, मैडम. कल दस के बाद."

"मुलीची शुगर उतरली तं काय करू?" इंदूबाईंनी विचारलं. रागावल्या की त्यांची भाषा शाळेतून घरी यायची.

"मैं तो वॉचमन हूँ, मैडम," पलीकडचा माणूस घाबरून म्हणाला. "शक्कर खिलाओ उसको."

सबंध चोवीस पानांत इतका सरळ सल्ला कुठेच नव्हता. बैठक तहकूब झाली. बासुंदी मात्र झाली.

आठवड्याने इंदूबाईंच्या दारात शकुन उभी राहिली. ती त्यांची अकोटच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी. तिची मुलगी नीलम पंधरा वर्षांची होती आणि सातव्या वर्षापासून रोज इन्सुलिन टोचून घेत होती. दोघी अकोटहून बसने आल्या होत्या. शकुनचे डोळे भरले होते.

"बाई, डॉक्टर सायेब म्हनतात, तुमच्यामुळं अडलं. काहून अडवून राहिल्या तुमी? पोरीले दिवसाचे चार-चार टोचे. चारातला एक तरी कमी होते न आठवडाभर. सही करून द्या न, बाई."

इंदूबाईंना हे लागलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्या मुलाची वाट अडवली नव्हती. त्या दोघींना घरात घेऊन गेल्या, पाणी दिलं आणि संमतिपत्र शकुनपुढे ठेवलं. "वाच. मग तू म्हणशील तर मी करते सही."

शकुन 'यादृच्छिकीकरणा'पर्यंत पोचली आणि तिने कागद नीलमकडे सरकवला. नीलम मात्र वाचत राहिली. तिला शब्द अडत नव्हते असं नाही, पण ती अडलेला शब्द ओलांडून पुढे जायची. नवव्या पानावर ती हसायला लागली.

"आई, हे पाय. आदल्या दिवशीच्या संध्याकाळी आठपासून उपाशी राहायचं. सकाळी दहाले अकोल्यात रक्त द्यायचं."

"मंग? उपासच तं आहे."

"अवं, हे इन्सुलिन एक बार टोचलं का आठवडाभर आंगात राह्यते. काढता येत नाई ते. वरून मी उपाशी, अन् अकोटची खच्चून भरलेली बस. शुगर उतरली तं मी अकोल्याले नाई जाणार, त्याच्याही पुढं जाईन. इथं तं साखरेची गोळी खाल्ली तरी चाचणीच्या अभ्यासातून बाद, असं लिहिलं आहे."

देवमनरावांनी विचारलं, "हे डॉक्टरच्या ध्यानात नाई आलं?"

"डॉक्टर कशाले बसनं येतात, आजोबा?"

दुसऱ्या बैठकीत इंदूबाईंनी तीन गोष्टी मागितल्या. रक्त मुलांच्या घरी जाऊन घ्यावं. फोनवर रात्रंदिवस खरा डॉक्टर असावा. आणि सव्वीस आठवडे संपल्यावर या मुलांनी काय टोचायचं, ते लिहून द्यावं.

"मॅडम, सगळं मुंबईत ठरलेलं आहे," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "आपण फक्त नैतिक बाजू बघायची."

"मग मी काय भौगोलिक बाजू बघून राहिली?"

मतदान झालं. एक विरुद्ध सहा. इंदूबाईंनी इतिवृत्ताची वही ओढून घेतली आणि आपला विरोध, गोळी खाल्ल्यावर बाद करण्याच्या कलमासकट, स्वतःच्या हाताने दीड पान लिहिला. फळ्यावर लिहावं तसं गोल, मोठं, शेवटच्या बाकावरूनही वाचता येईल असं.

डॉ. किशोर हसले. पण इतिवृत्ताची प्रत कंपनीला पाठवावी लागते, आणि कंपनी पोरांच्या शुगरला भीत नसली तरी कागदाला भिते. उद्या एखादं मूल बसमध्ये बेशुद्ध पडलं असतं, तर ते दीड पान कोर्टात उभं राहिलं असतं. पंधरा दिवसांत मुंबईहून पत्र आलं. रक्त घरी जाऊन घेणार. फोनवर डॉक्टर बसणार. बाद करण्याचं कलम काढलं. सव्वीस आठवड्यांनंतरचा प्रश्न तेवढा विचाराधीन होता.

त्याच आठवड्यात इंदूबाईंनाही पत्र आलं. त्यांच्या बहुमोल योगदानाबद्दल आभार मानून त्यांची मुदत संपल्याचं कळवलं होतं. नवे सामान्य नागरिक म्हणून डॉक्टरांचे मेहुणे आले. ते बिल्डर होते. पहिल्याच बैठकीत त्यांनी एक मूलभूत प्रश्न विचारला, की समितीची बैठक चिखलदऱ्याला घेता येईल का. ती एकमताने मंजूर झाली.

नीलम चाचणीच्या अभ्यासात गेली. दर पंधरा दिवसांनी अकोटला माणूस येऊन तिचं रक्त नेऊ लागला. तिची शुगर दोनदा उतरली. दोन्ही वेळा फोन उचलला गेला.

अभ्यास संपत आला तेव्हा अमरावतीच्या वैद्यकीय परिषदेत डॉ. किशोरांना 'रुग्णस्नेही संशोधक' असा पुरस्कार जाहीर झाला. मानपत्रात लिहिलं होतं, की रुग्णाच्या दारी रक्ततपासणी ही त्यांची अभिनव कल्पना. शकुनच्या आग्रहाने इंदूबाईही गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. मानपत्राचं वाचन चालू असताना त्यांचा हात पर्समधल्या लाल पेनाकडे गेला. राग मानाचा नव्हता. अभिनव या शब्दाचा होता.

मग सहभागी मुलांच्या वतीने नीलमला दोन शब्द बोलायला बोलावलं. भाषण डॉक्टरांच्या माणसाने लिहून दिलं होतं. नीलमने कागद बघितला, त्याची घडी घातली आणि माईक जवळ ओढला.

"डॉक्टर साहेबांचे आम्ही खूप आभारी आहोत," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "अभ्यास संपल्यावरही आम्हाला सर्वांना इन्सुलिन मिळत राहील, असा शब्द त्यांनी दिलाय. तर ते कोणत्या तारखेपासून न्यायला यायचं, तेवढं त्यांनी सांगावं."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. पुढच्या रांगेतले पत्रकार लिहायला लागले. डॉ. किशोर हातात शाल-नारळ घेऊन उभे होते. त्यांनी समितीच्या अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी छताकडे.

"हो, म्हणजे... नक्कीच," डॉक्टर माईकमध्ये म्हणाले. "पहिल्या तारखेपासून."

बाहेर चहाच्या टेबलापाशी इंदूबाईंनी नीलमचा दंड धरला. "डॉक्टर असं कधी म्हणाले होते गं?"

"आता म्हनले न, बाई. तुमी पण आयकलं."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत डॉक्टरांच्या दानशूरपणाची बातमी फोटोसह आली. ती आल्यामुळे दानशूर होणं भाग पडलं. कंपनी कुरकुरली, पण अभ्यास पूर्ण केलेल्या एकतीस मुलांना वर्षभर इन्सुलिन द्यायचं लेखी ठरलं. अर्ध्यात सोडून गेलेली चार मुलं त्यात नव्हती. इंदूबाईंनी त्यांची नावं शकुनकडून उतरवून घेतली आणि त्या अर्ज लिहायला बसल्या. सही करताना त्यांनी नावाखाली लिहिलं: सामान्य नागरिक, मुदत संपलेली.