श्रावणातली कॅप्सूल

सत्यनारायणाच्या शिऱ्यात दूध ओतता ओतता सुहासिनीला खाली ओलं जाणवलं. बाथरूममध्ये जाऊन पाहिलं, तर रक्त. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. ती गेली म्हणूनच तर चंदनसार भागातल्या त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगने प्रसादाचं खातं तिच्याकडे सोपवलं होतं. ऐनवेळी अडचण यायची भीती नाही.

बाहेर येऊन तिने झारा नवऱ्याच्या हातात दिला. हात दुखतोय म्हणाली. दिनानाथरावांनी शिरा करपवला. देवाने तक्रार केली नाही, दुसऱ्या मजल्याने केली.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टर एलिसाने औषधं नीट चालू आहेत ना, असं विचारलं. सुहासिनीच्या अंगातून वाफा निघायच्या, झोप उडायची, म्हणून तिनेच दोन हार्मोन दिले होते. एक चोळायची जेल, एक रात्रीची कॅप्सूल. सुहासिनीने नवऱ्याकडे पाहिलं.

निवृत्तीनंतर दिनानाथराव पाकिटांच्या मागचं बारीक अक्षर वाचायला लागले होते. श्रावण लागताच त्यांनी जाहीर केलं होतं, की कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडांचं. सुरमई सोडायची आणि हाडं गिळायची, हा कसला श्रावण? कॅप्सूल बंद झाली. जेल शाकाहारी निघाली, ती चालू राहिली.

डॉक्टर हसली नाही. "जेलने पिशवीचं अस्तर वाढतं, ताई. कॅप्सूल ते आवरते. बहुतेक त्यामुळेच असेल. पण या वयात रक्त दिसलं, की मी 'बहुतेक'वर थांबत नाही."

"म्हणजे कॅन्सर?" दिनानाथरावांनी विचारलं.

"तपासल्याशिवाय हो म्हणणार नाही, आणि नाहीही म्हणणार नाही."

सोनोग्राफीत अस्तर जाड निघालं. तुकडा काढून तपासायला गेला. रिपोर्टला आठवडा लागणार होता. कॅप्सूल आजपासून पुन्हा.

परतताना दिनानाथरावांनी रिक्षातली एकही जाहिरात वाचली नाही. संध्याकाळी नाक्यावरच्या अर्नाळ्याच्या कोळणीकडून ते बोईट मासे घेऊन आले आणि स्वतःच तळायला बसले. वास जिन्याने वर गेला. वरच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या.

"अहो, श्रावण आहे."

"तू एकटीनेच कशाला मोडायचा?"

जेवताना तिने कॅप्सूल गिळली. मग त्यांचं ताट आपल्याकडे ओढलं, कारण काटे काढणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. आज मात्र काढून झालेला घासही ती बोटांनी पुन्हा चाचपत होती, आत काही राहिलं तर नाही ना म्हणून.