कोरी खोकी

बातमी दुपारी चारला येणार होती आणि सकाळी नऊपासून टेबलाखाली माझा एक पाय आपोआप हलत होता.

बातमी म्हणजे देशाच्या वाढीचा आकडा. एवढा अवाढव्य देश, वर्षभर सगळे राबले, त्यातून तो किती वाढला ते एका टक्केवारीत सांगायचं. त्या आकड्यावर फोनवर एक अंदाजाचा बाजार चालतो. प्रश्न एकच: यंदाची वाढ पाच टक्क्यांच्या वर जाईल का? ‘हो’ विकत घ्या, नाहीतर ‘नाही’. ‘हो’चा भाव बासष्ट असला, तर बाजाराच्या मते शंभरात बासष्ट शक्यता. खरं ठरलं की बासष्टचे शंभर. खोटं ठरलं की हात हलवत घरी.

मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं ऑर्डरी घेते. पण बूट असो की पंखा, विकला जायच्या आधी त्याला खोकं लागतं, एवढं इथं बसून कळलं. म्हणून दर महिन्याला किती खोकी गेली ते एका वहीत लिहिते आणि त्यावरून अंदाज बांधते. सलग चार वर्षं माझा अंदाज टीव्हीवरच्या टायवाल्यांपेक्षा बरा निघाला. तेव्हापासून कारखान्यात मला सगळे ‘अर्थमंत्री’ म्हणतात. मी रागावल्यासारखं करते.

यंदा खोकी भराभर गेली होती. मी ‘हो’ घेतले, थोडेसे. दादानं घेतले, पुष्कळ. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशवाला. तीन आठवड्यांपूर्वी घरी येऊन म्हणाला, “ठमे, तुझ्या त्या बाजारात मलाही घाल.” पन्नाशीतल्या बाईला ठमी म्हणणारा हा एकच माणूस उरलाय. मी त्याच्या फोनवर खातं उघडून दिलं. रक्कम बघून मात्र चरकले.

“अरे, एवढे?”

“तुला खात्री आहे ना?”

“शंभर टक्के.”

अंदाज बांधणाऱ्या बाईनं शंभर टक्के कधी म्हणू नये. पण भावानं विचारलं होतं.

दीड वाजता छपाईवाले काका कण्हत माझ्या टेबलाशी येऊन टेकले. खोक्यांवर कंपन्यांची नावं छापतात ते.

“अर्थमंत्री, मला पुठ्ठ्याच्या कटिंगला टाका. बसून बसून कंबर धरली.”

“बसून? एवढ्या ऑर्डरी असताना?”

“ऑर्डरी आहेत की. सगळ्या कोऱ्या. चार महिने रोलरला शाई नाही लागली.”

माझा पाय थांबला.

विकायच्या मालाचं खोकं छापील असतं. कंपनीला नाव मिरवायचं असतं. कोरं, मोठं, जाड खोकं कोण घेतं? जो गाशा गुंडाळतो तो. यंत्रांचे भाग, फायली, कप्प्यांतली अवजारं भरायला. हे मला बावीस वर्षं माहीत होतं, आणि वहीत मी नुसती बेरीज केली होती. खोकं ते खोकं.

मी पोचपावत्यांची फाइल ओढली. माल मिळाला की घेणारा सही करतो, चिठ्ठी परत येते, तिच्यावरचा आकडा मी वहीत उतरवते. सहीकडे कोण बघतं? आज बघितलं. बुटांचा कारखाना, कोरी सहाशे, एकाच खेपेत. पंख्यांचा, कोरी नऊशे. आणि दादाचा फर्निचरचा कारखाना. त्यांची कपाटं जुन्या चादरींत गुंडाळून जातात, ते आमच्याकडून कधी एक खोकं घेत नाहीत. त्यांनी घेतली होती कोरी चारशे, पाच आठवड्यांपूर्वी. खाली सही, शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाबाहेर पळणारी. त्या शेपटीपायी दादानं शाळेत मास्तरांचा मार खाल्लाय.

पाच आठवड्यांपूर्वी खोकी. तीन आठवड्यांपूर्वी रक्कम. काम सुटताना माणसाच्या हातावर ठेवतात, ती रक्कम. हे कळायला वही लागली नाही.

बाजारात विकायची मुदत साडेतीनपर्यंत. मी दादाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी बस पकडली, आणि जागा रिकामी असून दाराशी उभी राहिले, जशी काही माझ्या उभं राहण्यानं बस लवकर पोचणार होती. भाव बघितला, एकसष्ट. परत बघितला, त्रेसष्ट. बाजाराला अजून काही कळलं नव्हतं.

दार वहिनीनं उघडलं.

“अगंबाई, तू? या वेळी?”

“दादा आहे?”

“या वेळी कसा असेल? कामावर. डबा घेऊन गेलेत रोजच्यासारखे.” मग हसून म्हणाली, “कामावर म्हणजे काय देव जाणे. हल्ली घरी येतात ते सगळ्या पेपरांतल्या बातम्या पाठ करून. मी म्हटलं, तुमच्यात पॉलिश करतात की पेपर वाचतात? बस ना, पाणी आणते.”

“नंतर येते,” म्हणत मी जिना उतरायलाही लागले. सगळे पेपर फुकट मिळतात अशी गावात एकच जागा होती.

वाचनालयात दादा कोपऱ्यातल्या टेबलाशी होता. समोर पेपर, शेजारी डबा, झाकण लावलेला. भिंतीवर पाटी: फोन बंद ठेवा. घड्याळात तीन वाजून सोळा मिनिटं.

“दादा, विक.”

“ठमे? तू इथं कशी—”

“आधी फोन चालू कर. मी चुकले. सगळी कोरी खोकी होती रे.”

मला वाटलं होतं, तो दचकेल. त्यानं पेपराची घडी घातली, कडा जुळवून.

“त्यातली चारशे मीच भरली,” तो म्हणाला. “सात दिवस. शेवटच्या खोक्यात माझे ब्रशही घातले होते. मग म्हटलं, हे कशाला देऊ? परत काढून आणले.”

“म्हणजे तुला माहीत होतं! आणि तरी ‘हो’ घेतलेस?”

“मला काय माहीत होतं? आमचा एक कारखाना बसला, एवढं. तू म्हणालीस, देश वाढतोय. म्हटलं, वाढत असेल तर कुठंतरी पॉलिशवाला लागेलच.”

“आवाज!” ग्रंथपालबाई ओरडल्या, आमच्यापेक्षा मोठ्यानं.

फोन चालू व्हायला त्या दिवशी जेवढा वेळ लागला तेवढा कधी लागला नसेल. तीन चोवीस. ‘हो’चा भाव साठ. दादाचा अंगठा वरच राहिला.

“दाब ना रे!”

“हे विकलं, म्हणजे तूही म्हणतेस, कुठंच काम नाही.”

“कामाचं मला नाही माहीत,” मी कुजबुजले. “पण हे तुझं आणि वहिनीचं आहे. माझ्या वहीच्या जिवावर नको ठेवूस. दाब.”

त्यानं दाबलं. थोडं नुकसान झालं, बाकी सगळं परत आलं.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो. त्यानं डब्यातली अर्धी पोळी मला दिली, अर्धी हातात धरून ठेवली. चार वाजले. आकडा आला.

पाच पूर्णांक दोन.

मला पायरी सरकून आत घेईल तर बरं असं झालं. “पहिला आकडा आहे,” मी पुटपुटले. “नंतर दुरुस्ती करतात.” दुरुस्ती झाली तरी बाजार पहिल्याच आकड्यावर चुकता होतो, हे मी बोलले नाही. त्याला ते मीच शिकवलं होतं.

दादा म्हणाला, “तुझे विकलेस ना वेळेवर?”

मी तोंडावर हात ठेवला. एवढ्या धावपळीत माझे स्वतःचे विकायचे राहूनच गेले होते.

तो हसायला लागला. असा, की ग्रंथपालबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “मला बाहेर काढलंन् आणि स्वतः आत बसली! वा रे अर्थमंत्री!”

“सगळे तुला देते.”

“गप गं. पाच टक्के तरी ठेव स्वतःला.” डोळे पुसत त्यानं घड्याळ बघितलं, आणि हसू जिरलं. “मी साडेसहाला जातो घरी. अजून वेळ आहे. बस.”

“नाही बसणार. मी वहिनीकडे जाऊन आलेय, दादा. ती पाणी आणते म्हणाली आणि मी पळाले. ती आता दाराकडेच बघत असेल.”

तो उठला. रस्ताभर माझ्या एक पाऊल पुढे चालला, मग एक पाऊल मागे. जिन्यात थांबला.

“तू सांग.”

“मी खोकी मोजते. हे तुझं आहे.”

त्यानं डबा माझ्या हातात दिला आणि बेल दाबली. आतून वहिनीचा आवाज आला, “आले, आले,” आणि चपलांचा.

“एवढ्या लवकर?” तिनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या भरलेल्या डब्याकडे.

“आत चल,” दादा म्हणाला. “बसून सांगतो.”