एकही तक्रार नसलेला विभाग

रसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख मॅडमना एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्यांच्या विभागातून वर कधी तक्रार जात नसे. इतर विभागांत मुलं ऊठसूट प्रमुखांच्या खोलीत घुसत, इथे मात्र शिस्त! काही सांगायचं तर वर्गप्रतिनिधीला सांगायचं आणि त्यानं ते शनिवारी मॅडमच्या कानावर घालायचं. प्रतिनिधी शनिवारी येई, "सगळं ठीक आहे, मॅडम," म्हणे आणि आल्या पावली परत जाई.

या सत्रात मात्र काहीतरी बिनसलं होतं. दुपारच्या प्रॅक्टिकलनंतर मुलं लाल डोळ्यांनी बाहेर पडत. कुणी खोकत असे, कुणी जिन्यावरच डोकं धरून बसे. मॅडम समोरून आल्या की सगळे गप्प उभे राहत. किती मान देतात, असं मॅडमना वाटे. असं वाटून घ्यायला आपल्यालाही आवडतंच की!

मॅडमची भाची याच मुलांच्या वर्गात शिकत होती आणि राहायलाही त्यांच्याकडेच होती. एकदा तिनं अर्धं जेवण टाकून ताट सरकवलं.

"मावशी, डोकं फार दुखतंय गं. लॅबमध्ये ना..."

"घरी विभागाचा विषय नाही, ठरलंय ना आपलं? प्रतिनिधीला सांग. आणि तो मोबाइल जरा कमी बघ."

पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. मावशीला वाटलं, पोरीला बरं वाटत असेल.

विभागातल्या सगळ्यात जुन्या प्राध्यापकांना, म्हणजे तात्यांना, मुलांचं हे गप्प राहणं खटकत होतं. एका दुपारी तासाला निघालेल्या मॅडमना त्यांनी गाठलं.

"मॅडम, मुलं हल्ली आपल्याशी भांडत नाहीत. मला भीती वाटते."

"भीती कसली, तात्या? एक तक्रार नाही!"

"तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असं थोडंच आहे? बोलून उपयोग नाही हे कळलं की माणूस बोलायचं सोडतो. मलाही ती काही सांगत नाहीत. एकदा त्यांच्यात जाऊन बसा."

"बसेन की सवडीनं," म्हणत मॅडम दुसऱ्या तुकडीच्या वर्गात शिरल्या.

तास अर्धा झाला असेल, तोच पलीकडच्या प्रयोगशाळेत काहीतरी धपकन पडलं. काच फुटली. मग काहीच नाही. ओरडा नाही, हाक नाही. त्यांच्या तासाला पलीकडून आवाज येता कामा नये, हा नियम मुलं अशा वेळीही पाळत होती!

त्यांनी धावत जाऊन दार उघडलं. उग्र वास नाकात शिरला, डोळ्यांतून पाणी आलं. भाची फरशीवर निपचित पडली होती.

"खिडक्या उघडा! बाहेर न्या तिला! धूर ओढणारा पंखा का बंद आहे?"

सगळ्यांनी प्रतिनिधीकडे पाहिलं. तो पुटपुटला, "तुमच्या तासाला त्याची घरघर नको, असं तुम्हीच सांगितलंय, मॅडम."

खरं होतं. पूर्वी त्यांचा तास सकाळी असे, तेव्हा प्रयोगशाळा रिकामी असे. नव्या वेळापत्रकात तास आणि प्रॅक्टिकल त्यांनीच एका वेळी आणले आणि पंख्याचं विसरल्या.

"अरे, मग मला सांगायचंस!"

"सांगायला आलो होतो, या सत्राच्या पहिल्याच शनिवारी. तुम्ही म्हणालात, तू प्रतिनिधी आहेस की पुढारी? खोलीत बसलेले सगळे हसले."

मॅडमना ते आठवतसुद्धा नव्हतं.

दवाखान्यात भाची शुद्धीवर आली. "अजून थोडा वेळ ती आत राहिली असती तर..." एवढंच बोलून डॉक्टर थांबले. मॅडमनी भाचीचा हात घट्ट धरला. त्यांना रडू आवरेना.

"निदान घरी तरी हट्टानं सांगायचं गं!"

"मावशी, घरीसुद्धा तू मॅडमच होतीस."

त्या दिवसापासून शनिवारची ती भेट बंद झाली. प्रॅक्टिकल संपलं की मॅडम स्वतः मुलांमध्ये जाऊन बसू लागल्या. सुरुवातीला कुणी तोंड उघडेना. मग एक मुलगी चाचरत म्हणाली, "मॅडम, तुम्ही फार भरभर शिकवता. आम्हाला काही कळत नाही."

मॅडमचा चेहरा पडला. राग गिळून त्या म्हणाल्या, "बरं. अजून?"

मित्रहो, आपल्या वर्गात, ऑफिसात, घरात कुणाची तक्रार नसेल तर खुशाल बसू नका. आधी विचारा, आणि उत्तर झोंबलं तरी पुढचं विचारा. आपल्याला कुणी काही सांगत नाही, याला बहुतेक वेळा आपणच जबाबदार असतो!