दहा सामन्यांचं तिकीट

क्रुशेवाट्स शहराच्या बाजारात बेटिंगची दोन दुकानं समोरासमोर आहेत. शुक्रवारी ल्युबिंकोमामाने मला तिथे नेऊन उभं केलं.

"संख्याशास्त्र शिकलीस ना? मग यातलं बरं कुठलं ते सांग. उद्या तिकीट लागायलाच हवं."

तिकीट लागलं की देसांकामामीला ग्रीसच्या समुद्रावर न्यायचं, हे मामा दरवर्षी म्हणे. यंदा मामीने वाट पाहणं सोडलं आणि सहलीच्या बसमध्ये एकच जागा घेतली, स्वतःची. मामाला सोबत जायचं होतं. नोंदणी सोमवारी बंद होणार होती आणि खिशात पैसे होते ते फक्त आगाऊ रकमेपुरते.

मी दोन्हीकडे एकाच टेनिस सामन्याचे भाव पाहिले. खेळाडू तोडीस तोड. डावीकडचं दुकान कुणावरही शंभराला एकशे पंच्याऐंशी देत होतं, उजवीकडचं एकशे नव्वद.

"दोघांवर शंभर-शंभर लाव. कुणीही जिंको, डावीकडे पंधरा बुडतात, उजवीकडे दहा."

"म्हणजे उजवीकडचं!"

"पण तिथे सतत जिंकणाऱ्याला मोठी रक्कम लावू देत नाहीत म्हणे."

"मग मला काय त्रास आहे?"

मला हसू आलं. "तिकिटावर सामने किती घेतोस?"

"दहा. दहाही बरोबर आले तरच पैसे. गेल्या आठवड्यात एका सामन्याने हुकलं!"

"दुकान प्रत्येक सामन्यात आपला वाटा कापतं. उरलेल्यातून पुढच्यात पुन्हा. असे दहा झाले की उजवीकडेही शंभरातले सरासरी साठच परत येतात. एकच सामना खेळलास तर डावीकडेसुद्धा ब्याण्णव."

मामाने खिशातले पैसे मोजले.

"आणि एकही नाही खेळलो तर?"

"आगाऊ रक्कम भरता येईल. बाकीची दोन महिन्यांत, तिकिटं थांबवलीस तर."

तो चालू लागला, थेट बसच्या कचेरीत.

"शेवटच्या रांगेतली एकच जागा आहे," तिथली मुलगी म्हणाली. "खिडकी उघडत नाही."

"द्या."

पावती हातात येताच त्याने मामीला फोन लावला. पलीकडून मला ऐकू येईल इतका चढा आवाज. "खरंच पैसे भरलेस? मी चौथ्या रांगेत आहे. बस थांबली की कॉफी घेऊन ये. आणि साखर विसरू नकोस!"

फोन ठेवून मामा काउंटरवर वाकला.

"ताई, चौथ्या रांगेत तिच्या शेजारी कोण आहे हो? जरा बघता का?"